जुन्या मस्टँगला ओव्हरड्राइव्हचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: माझं मत 'बसवावा', तुमचं?

होटगीरोडकर:
घरी १९६५ ची फोर्ड मस्टँग आहे. २८९ घनइंची व्ही-८, दोन बॅरलचा कार्बोरेटर आणि तीन गिअरचा सी-४ हा फोर्डचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हा सी-४ उतरवून फोर्डचाच चार गिअरचा एओडी (चौथा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फेरे घेतं) चढवावा असं माझं ठाम मत आहे. घरात, गॅरेजात, मित्रांत सगळीकडे विरोध आहे, म्हणून इथे मांडतोय.

ही गाडी मला सात रस्त्याला चक्कर मारून परत शेडमध्ये लावायची नाही. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर तिने आरामात कापले पाहिजेत. मोहोळ मागे पडलं की रस्ता मोकळा मिळतो, पण तोवर गाडी शेवटच्या गिअरात आलेली असते, त्याच्या वर गिअरच नाही. शंभरच्या पुढे शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. मग आपणच गाडी बाहेर काढायचा कंटाळा करतो, आणि उभ्या गाडीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर धरतात, टाकी गंजते.

एओडी फोर्डने १९८० च्या मॉडेलपासून वापरला. सी-४ ची गुणोत्तरं (मागच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) २.४६, १.४६, १.००. एओडीची २.४०, १.४७, १.०० आणि वर चौथा ०.६७. म्हणजे गावात गाडी जशी आहे तशीच चालणार, फरक फक्त हायवेला. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. सी-४ मध्ये सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भांड्यातल्या, तेलातून जाते. थोडी घसरण कायम, त्यातून उष्णता. एओडीत आत दुसरा इनपुट शाफ्ट आहे. चौथ्या गिअरला ताकद कन्व्हर्टरला वळसा घालून थेट जाते. सोलापूरच्या उन्हात हे मला फार मोलाचं वाटतं.

सी-४ विकणार नाही, पेटीत जपून ठेवणार आहे.

हिरवा ठिपका:
अजिबात सहमत नाही. तुमच्या गाडीचा सिलेक्टर (गिअर निवडायचा लिव्हर) नीट बघा. त्यावर एक मोठा हिरवा ठिपका आणि एक छोटा ठिपका आहे. मोठ्यावर ठेवलं की गाडी पहिल्यापासून तिन्ही गिअर घेते, छोट्यावर ठेवलं की थेट दुसऱ्यात उठते, ओल्या निसरड्या रस्त्यासाठी. ही रचना १९६४ ते १९६६ एवढीच होती, १९६७ ला फोर्डने बदलली. तुम्ही एओडी घातला की तो सिलेक्टर नुसता शोभेचा राहणार किंवा काढावा लागणार. मस्टँग एप्रिल १९६४ ला बाजारात आली. त्या पहिल्या काळातली गाडी कशी चालायची हे हाताला कळण्याची जी थोडी ठिकाणं उरलीत, त्यातलं हे एक आहे. पेटीत ठेवलेला गिअरबॉक्स कोणी परत चढवत नाही.

आणि दुसरं. दोन बॅरलच्या २८९ चा कमाल टॉर्क (फिरवायचा जोर) मिनिटाला २४०० फेऱ्यांना येतो. तुमची गाडी शंभरला साधारण तिथेच असणार. तिथून खाली ओढून काय मिळवणार? उसाचा हंगाम सुरू झाला की टेंभुर्णीच्या बाजूला ट्रॉल्यांच्या मागे साठने रांगा लागतात. हलक्या पायाने चालवलं की एओडी तेवढ्यातच चौथा टाकतो. इंजिन दबणार, ओव्हरटेकला पाय दिला की गिअर खाली, सोडला की परत वर. सगळ्या रस्त्यात हेच.

होटगीरोडकर:
२४०० चा आकडा पूर्ण थ्रॉटलचा, म्हणजे पाय तळाला टेकवल्यावरचा आहे. सपाट रस्त्यावर शंभरने जायला या इंजिनाला त्याच्या ताकदीचा लहानसा हिस्सा पुरतो. ट्रॉल्या असतील तिथे लिव्हर तिसऱ्यावर ठेवायचा, चौथा येणारच नाही. सिलेक्टरबद्दल वाईट मलाही वाटतं. पण न चालणाऱ्या गाडीतला अस्सल सिलेक्टर बघून माझं समाधान होत नाही.

लेथवाला:
मालक, दोघंबी गिअरबॉक्सवर भांडायलाव, मागचा क्राऊन, म्हणजे एक्सलमधला शेवटचा गिअर, कुणी मोजलाच नाही. सगळा हिशोब तिथं आहे.

दारावरच्या प्लेटवर एक्सलचा कोड बघा. १ असेल तर ३.००, ६ असेल तर २.८०. प्लेटवर भरवसा नसेल तर मागची दोन्ही चाकं उचला, एकाच दिशेला एकदम एक फेरा फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. तीन फिरला तर ३.००.

आता टायरचा व्यास २५ इंच धरू. क्राऊन ३.०० असेल तर शंभरला इंजिन २५०० च्या आसपास. ०.६७ लावलं की १६८०. साठ-पासष्टला चौथा पडला की १०००-११००, तिथं गाडी थरथरणारच. हिरवा ठिपका सांगताहेत ते या हिशोबात खरं आहे. पण क्राऊन ३.५५ घातला तर तिसऱ्यात शंभरला २९६० आणि चौथ्यात १९९०. उठताना गाडी आतापेक्षा चपळ, हायवेला आतापेक्षा शांत. एओडी घालायचा तर क्राऊनसकट घाला, नाहीतर नका घालू. व्ही-८ ला ८ इंची एक्सल आहे, त्याचा क्राऊन-पिनियनचा गोळा अख्खा पुढून निघतो, काम अवघड नाही.

बाकीचं पण ऐका. ऑगस्ट १९६४ च्या आधीचं इंजिन असेल तर बेलहाउसिंगला (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं पुढचं कवच) पाच बोल्ट, नंतरच्याला सहा. एओडी सहाचा आहे. पाच निघाले तर तिथंच थांबा. फ्लेक्सप्लेट (इंजिनामागची दातेरी चकती) १६४ दातांची लागते, पण बॅलन्स २८ औंसचा. ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटर इंजिनाबरोबर आलेली घातली तर ती ५० औंसची निघंल आणि इंजिन जागेवर हादरंल. शाफ्ट मापात करून बॅलन्स करायचा, मागचा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारा आडवा पट्टा) नवा करायचा. शाफ्टचं आणि क्रॉसमेंबरचं काम आपल्या एमआयडीसीत होतं, पुण्याला जायची गरज नाही.

भीमाकाठ:
कायद्याचं कोणी बोललं नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. गिअरबॉक्सचं नाव तिथे घेतलेलं नाही, पण 'मूळ स्वरूप' हे शब्द आहेत. माझं मत विरोधात आहे, आणि कारण साधं आहे: पुढे नोंदणीच्या वेळी अधिकाऱ्याला ते शब्द दाखवायची संधी आपण का द्यावी?

होटगीरोडकर:
'व्हीए' नंबर घेतला तर रोजच्या वापराला रस्त्यावर बंदी येते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी बाहेर. मला ती नोंदणी नकोच आहे, जुनाच नंबर चालू ठेवणार. आणि म्हणूनच मी इंजिनाला, बॉडीला हात लावत नाही. टनेलचा (गिअरबॉक्सवरच्या उंचवट्याचा) पत्रा कापावा लागला तर मात्र मी माघार घेईन, हे आत्ताच सांगतो.

लेथवाला, कोड १ आहे. ३.००. तुमचा क्राऊनचा मुद्दा घेतला, ३.५५ शोधतो.

हिरवा ठिपका:
बघा, चौथ्या गिअरपासून सुरुवात केली होती. आता क्राऊन, शाफ्ट, फ्लेक्सप्लेट, क्रॉसमेंबर. तुम्हाला आवाजच कमी हवा असेल तर सी-४ तसाच ठेवून त्याच्या मागे गिअर व्हेंडर्स कंपनीचं ओव्हरड्राइव्ह युनिट लावता येतं. ०.७८ चं गुणोत्तर आहे, म्हणजे ३.०० च्या क्राऊनवर शंभरला १९५० च्या आसपास. इंजिन दबत नाही, सिलेक्टर राहतो, क्राऊन राहतो. शाफ्ट तेवढा कापावा लागेल. महाग आहे, पण तुमची यादी काही स्वस्त नाही.

होटगीरोडकर:
विचार केला होता. पण त्यात तिसऱ्याला कन्व्हर्टरची घसरण तशीच राहते. उन्हाचा माझा मुद्दा सुटत नाही.

हिरवा ठिपका:
त्याला मोठा ऑइल कूलर लावा. रेडिएटरच्या पुढे, दोन नळ्या. एका दुपारचं काम आहे.

लेथवाला:
कूलर दोन्हीला लागणारच, आपल्याकडं त्याशिवाय भागत नाही.

एओडीच करायचं ठरलं तर एक गोष्ट विसरू नका. सी-४ ला व्हॅक्यूमचा मॉड्युलेटर (इंजिनाच्या ओढीवर प्रेशर ठरवणारा) आणि किकडाऊनची, म्हणजे पाय दाबला की गिअर खाली टाकणारी दांडी असते. ती दांडी सुटली तरी गाडी घरी येते. एओडीला कार्बोरेटरवरनं थ्रॉटल व्हॉल्व्हची दांडी किंवा केबल येते आणि आतलं सगळं प्रेशर त्यावर ठरतं. तुमच्या जुन्या कार्बोरेटरची खेच त्या मापाची नाही, नवा ब्रॅकेट आणि आर्म करावा लागंल. ती सैल राहिली तर प्रेशर कमी, क्लच घसरतात आणि पुण्याला पोचायच्या आत जळतात. नुसत्या डोळ्यानं लावू नका. गेज लावून प्रेशर बघितल्याशिवाय गाडी गॅरेजच्या दाराबाहेर काढायची नाही.