वसईचे फिरंगी म्हणे बिनडोक होते!

पंचवटीकर
काल इथे कुणीतरी लिहून गेलं: "फिरंग्यांना बंदर राखायची अक्कल नव्हती म्हणून वसई पडली. इंग्रजांनी बघा, मुंबईला वेळीच खंदक खणला." फिरंगी म्हणजे वसईचे पोर्तुगीज. वाचता वाचता चहा गार झाला. अहो, तीन बाजूंना पाणी, जमिनीची वाट काय ती उत्तरेकडून, आणि तिथे हा भलामोठा तट. चिमाजीअप्पा १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत तिथे अडकून होते. सेबास्तियनचा बुरूज सुरुंग लावून पाडावा लागला, त्या धुमाळीत आपलीही माणसं गेली. एकूण हजारो पडली. समोरचा बिनडोक होता म्हणता, मग ती काय हौसेनं मेली?

रविवार कारंजा
मीच लिहिलं ते, आणि मागे घेणार नाही. अक्कल म्हणजे नुसता दगडी तट नाही. १७३७ ला ठाणं गेलं तेव्हा तिथल्या किल्ल्याचं बांधकामही पुरं झालेलं नव्हतं. त्याच वेळी साष्टी बेट गेलं. त्यानंतर दोन वर्षं हातात होती ना? काय केलं? तिकडे मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये काढले, खंदक सुरू झाला, शिवाय कॅप्टन इंचबर्डला अप्पांकडे तहाला धाडलं. याला म्हणतात तयारी.

पंचवटीकर
शेजाऱ्याचं घर पेटलं म्हणून बादली भरून ठेवली, ती दूरदृष्टी होय? त्याच मुंबईकर इंग्रजांनी वसईला पैसे दिले ते चर्चची चांदी आणि तोफा तारण ठेवून. सावकारी नुसती! आणि फिरंग्यांनी कुमक मागवायची कुठून? गोव्यावर व्यंकटराव घोरपडे चालून गेलेले, समुद्रात मानाजी आंग्रे. आपल्या लोकांनी डाव नीट मांडला होता हो. तेवढं श्रेय द्यायला जीभ का अडखळते?

देवळालीचा फौजी
तोफखान्यात २८ वर्षं काढली, म्हणून बोलतो. मेसमध्ये दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी गमावलेल्या सिंगापूरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणणार, "तोफा समुद्राकडे होत्या, वळल्याच नाहीत." १५ इंची पाच होत्या. त्यातल्या चांगीच्या तीन जोहोरच्या, म्हणजे जमिनीच्या दिशेनं मारू शकत होत्या, वळल्या नाहीत त्या उरलेल्या दोन. खरी बोंब गोळ्यांची. ते जहाजाचं पोलाद भेदायचे गोळे, पायदळावर मारले की मातीत घुसून बसणार. गंमत म्हणजे जपानचा हल्ला उत्तरेकडून, मलायातून येऊ शकतो हे पर्सिव्हल या इंग्रज अधिकाऱ्यानंच १९३७ ला कागदावर मांडलं होतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला शरण गेला तोही तोच. कागदावर अक्कल सगळ्यांनाच असते साहेब. कोठारात काय आहे ते विचारा.

सातपूरचा शिफ्टवाला
काका, अगदी! आमच्या सोसायटीनं पुढच्या गेटला चार कॅमेरे लावले. मागची भिंत छातीइतकी. दोन मोटरसायकली तिकडूनच गेल्या. चेअरमन म्हणतात, "पण कॅमेरे चालू होते ना!"

गोदाकाठची
वसई वसई करताय, तिची घंटा आपल्या नाशकात रामघाटावर नारोशंकराच्या देवळाला टांगलीय ती शेवटची कधी बघितलीत? मी लहानपणी घसा काढून भांडायचे तेव्हा आत्या म्हणायची, "आली नारोशंकराची घंटा." २०१९ च्या पुरात गोदेतला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला, तेव्हा आम्ही घंटेकडेच बघत होतो, पाणी कुठवर चढतंय म्हणून. एरवी? भाविक खालून निघून जातात, मान वर करत नाहीत. मागच्या महिन्यात एक गाइड सांगत होता, अप्पांनी विजयानंतर ती मुद्दाम ओतून घेतली!

सातपूरचा शिफ्टवाला
चर्चची घंटा ना ती? मग लूटच की. परत द्यायला हवी खरं तर.

पंचवटीकर
कुणाला देता? लिस्बनला पार्सल करता का? विजयाची खूण आहे ती! लूट म्हणायला लाज वाटली पाहिजे.

देवळालीचा फौजी
लूटही आहे, खूणही आहे. आवाज खाली करा दोघं.

गोदाकाठची
द्या, ठेवा, काय ते करा. आधी खाली चार ओळींची नीट पाटी तरी लावा. पार्किंगचे फलक बरे सापडतात तुम्हाला.

रविवार कारंजा
मूळ मुद्दा गोदेत वाहून गेला. बरं पंचवटीकर, गोव्याचं तुमचं मान्य. कुमक येणं शक्य नव्हतं. खंदकही भीतीपोटी खणला, तेही घ्या. खूश?

पंचवटीकर
"बिनडोक" मागे घ्या.

रविवार कारंजा
घेतला. आळशी लिहितो.

गोदाकाठची
आणि त्या गाइडला कुणीतरी सांगा, घंटेवर साल १७२१ चं आहे. मान वर केली की दिसतं.