लाँग वीकेंडला रेल्वेने जायचं तर पॅरिस नको: माझं मत, तुमचं सांगा

निद्दाकाठ (फ्रँकफर्ट)

मे उजाडला की फ्रँकफर्टच्या मराठी मंडळींत एकच विषय असतो. हिमेलफार्ट (येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस) आणि फ्रोनलाइखनाम (कॉर्पस क्रिस्टी हा कॅथलिक सण) या दोन्ही सुट्ट्या कायम गुरुवारीच येतात. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे. त्याच सुमारास भारतातून आईबाबा किंवा सासू-सासरे आलेले असतात. मग रेल्वेने कुठे जायचं, तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: पॅरिस. माझं ठाम मत आहे की वयस्कर माणसांना घेऊन चार दिवसांसाठी पॅरिसला जाऊ नये.

आपण आधी शहराचं नाव ठरवतो आणि मग गाडी शोधतो. हे उलटं करायला हवं. आपल्या स्टेशनवरून थेट गाडी कुठे जाते, किती तासांत जाते, आणि उतरल्यावर जुनं गाव किती लांब आहे, हे आधी बघा. या हिशोबात फ्रँकफर्टकरांसाठी फ्रान्सच्या सीमेवरचं स्ट्रासबुर्ग पहिलं येतं. थेट गाडीने साधारण दोन तास. स्टेशनबाहेर पडून सावकाश चाललात तरी पंधरा मिनिटांत पेतित फ्रान्स या जुन्या वस्तीचे कालवे आणि लाकडी चौकटींची घरं समोर. चारी बाजूंनी पाणी असलेलं हे जुनं गाव १९८८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि ते सगळं पायी होतं.

कॅथेड्रलबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे माझे बाबा रमले. गुलाबी वालुकाश्माची इमारत, मनोरा एकच, उंची १४२ मीटर. १६४७ ते १८७४ अशी सव्वादोनशे वर्षं ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. आत खगोलीय घड्याळ आहे, त्याची आत्ताची यंत्रणा १८४२ सालची. दुपारी साडेबाराला वरच्या मजल्यावर येशूसमोरून बारा शिष्य एकेक करून जातात आणि कोंबडा तीन वेळा आरवतो. त्याच्या खालच्या मजल्यावर बालपण, तारुण्य, प्रौढपण आणि म्हातारपण अशा चार मूर्ती मृत्यूसमोरून सरकतात. बाबांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी खालच्या चार मूर्ती आईला बोटाने दाखवल्या. (साडेबाराचं बघायचं तर तिकीट काढून थोडं आधी आत जावं लागतं.)

आणखी एक गोष्ट. फ्रोनलाइखनामची सुट्टी आपल्या हेसेन राज्यात आहे, पण फ्रान्स आणि बेल्जियममध्ये नाही. म्हणजे तिकडे दुकानं उघडी, माणसं कामावर. हिमेलफार्टला मात्र तिकडेही सुट्टी असते आणि सगळेच बाहेर पडलेले असतात. निवड असेल तर फ्रोनलाइखनामला सीमा ओलांडा.

सांगलीची_सून (माइन्त्स)

असहमत. आणि तुमच्याच कसोटीवर असहमत.

फ्रँकफर्टहून पॅरिसलाही थेट गाडी आहे. चार तासांच्या आसपास, गाडी न बदलता, आणि गार द लेस्त हे स्टेशन शहराच्या आत. फ्रान्समध्ये शिरल्यावर वेगवान मार्गावर ती ताशी ३२० किलोमीटरने धावते. माझे सासरे पूर्ण वेळ खिडकीला चिकटून होते. त्यांच्यासाठी गाडी हीच अर्धी सहल होती. मग स्ट्रासबुर्ग पास आणि पॅरिस नापास कसं?

दुसरं, ही माणसं इथे कशी येतात ते आठवा. व्हिसाची फी ९० युरो, ३०,००० युरोचं विमा संरक्षण, बँकेचे कागद, मुंबई नाहीतर पुण्याची फेरी. त्यातले कितीजण परत येतील? सासऱ्यांनी आयुष्यभर शाळेत फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. बास्तीयच्या चौकात आज तुरुंगाची इमारत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी तिथे जाऊन उभं राहायचं होतं. सासूबाईंना आयफेल टॉवर बघायचा होता, आणि त्यात कमीपणा वाटावा असं काही नाही. स्ट्रासबुर्ग कुठल्याही शनिवारी होतं. चार दिवस सलग मिळतात तेव्हाच पॅरिस करायचं.

आणि नोत्र-दाम कॅथेड्रल! २०१९ ला जळलं, डिसेंबर २०२४ मध्ये परत उघडलं. धुऊन काढलेला दगड इतका उजळ आहे की आत गेल्यावर सासूबाई "अगं, हे तर नवं बांधलंय" म्हणाल्या.

निद्दाकाठ

गाडीपर्यंत तुमचं बरोबर. माझा आक्षेप स्टेशनच्या पुढचा आहे. पॅरिसच्या मेट्रोत फक्त १४ नंबरची लाइन पूर्णपणे लिफ्टची आहे. बाकी ठिकाणी जिने, आणि गाडी बदलायची तर लांबलचक बोगदे. आईचे गुडघे तिसऱ्या जिन्याला बोलायला लागतात. टॅक्सी, बस आहेत, मान्य. पण मग दिवसाचा बराच भाग या टोकाहून त्या टोकाला जाण्यातच जातो. टॉवरच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात, सुट्टीच्या दिवसांची भराभर संपतात. ती हुकली की खाली रांग, आणि रांगेत आपली म्हातारी माणसं.

सासरे बास्तीयला उभे राहिले हे वाचून खरंच बरं वाटलं. पण इतिहासाच्या शिक्षकाला स्ट्रासबुर्गही दाखवा. १८७१ ला जर्मनीकडे, १९१८ ला फ्रान्सकडे, १९४० ला परत जर्मनीकडे, १९४४ ला फ्रान्सकडे. एकाच घरात आयुष्य काढलेल्या आजोबांचं राष्ट्र चार वेळा बदललं.

ब्रसेल्सवासी

दोघींनीही जेवणाचा विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. माझी आई अंडंही खात नाही. तिच्याबरोबर फिरताना शहर निवडायची पहिली अट ती आहे, गाडी नंतर.

म्हणून माझं मत बेल्जियममधली गेंट आणि अँटवर्प. फ्रँकफर्टहून ब्रसेल्सला थेट आयसीई (जर्मनीची वेगवान गाडी), तीन तासांहून थोडा जास्त वेळ, पुढे गेंट अर्धा तास. गेंटमध्ये २००९ पासून दर गुरुवारी शाकाहाराचा दिवस पाळतात, आणि बाकीच्या दिवशीही शाकाहारी खाणं शोधत फिरावं लागत नाही. व्हान आइक या चित्रकार बंधूंचं १४३२ सालचं वेदीचित्र तिथेच कॅथेड्रलमध्ये आहे. अँटवर्पचं १९०५ चं स्टेशन स्वतःच बघण्यासारखं आहे. गाड्या वेगवेगळ्या मजल्यांवर येतात आणि वर दगडी घुमट. स्टेशनच्या बाजूलाच हिऱ्यांचा बाजार, तिथे गुजराती जैन व्यापारी पिढ्यांपासून आहेत, शहराच्या उपनगरात त्यांचं मंदिर आहे. आईने तिथल्या बायकांशी तासभर गप्पा मारल्या, ती तिची बेल्जियमची आठवण.

बेल्जियमच्या आतली साधी तिकिटं एका ठराविक गाडीला बांधलेली नसतात, हाही मोठा फायदा. आईला दम लागला, बसा, पुढची गाडी धरा.

सांगलीची_सून

जेवणाचंच म्हणाल तर पॅरिसला गार द लेस्तपासून चालत जाण्याच्या अंतरावर ला शापेल आहे. श्रीलंकेच्या तमिळ लोकांची वस्ती. इडली, डोसा, भात, सांबार, केळी, कढीपत्ता. आम्ही हॉटेलच त्या बाजूला घेतलं. सासूबाई रोज रात्री भात जेवून झोपल्या.

रुळांवरचा (डार्मश्टाट)

गाडीवरून शहर ठरवायचं म्हणता, तर गाड्यांचं खरं चित्र मांडतो. स्ट्रासबुर्गला थेट गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत. बाकी वेळी कार्ल्सरुह किंवा ओफेनबुर्गला उतरून बदलायचं. आणि डॉइश बान या जर्मन रेल्वेच्या २०२४ च्या आकड्यांत लांब पल्ल्याच्या फक्त ६२.५ टक्के गाड्या वेळेवर आहेत, सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा वेळेवरच धरून. म्हणजे बदलायची गाडी हुकू शकते असं गृहीत धरूनच निघा.

पण मला यातच स्ट्रासबुर्गची जमेची बाजू दिसते. गाडी हुकली तर ओफेनबुर्गहून केल (ऱ्हाइनच्या जर्मन काठावरचं, स्ट्रासबुर्गसमोरचं गाव) आणि स्ट्रासबुर्गकडे जाणाऱ्या लोकल आहेत. पॅरिसच्या गाडीत आसन आरक्षित असावं लागतं. ती भरली की चौघांची एकत्र सोय होणं अवघड.

तिकीट शक्यतो सबंध प्रवासाचं एकच काढा. दोन वेगळी काढली तर पहिल्या गाडीच्या उशिराची जबाबदारी दुसरीवर येत नाही. उशीर एक तासाचा झाला तर २५ टक्के, दोन तासांचा झाला तर ५० टक्के पैसे परत मागता येतात, काही अपवाद वगळता. स्वस्त तिकीट एका गाडीला बांधलेलं असतं, पण शेवटच्या स्टेशनवर पोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं. युरोपभर फिरायच्या रेल्वे पाससाठीही लक्षात ठेवा: आपण युरोपात राहतो म्हणून आपल्याला इंटररेल, पाहुण्या आईबाबांना युरेल.

मूळ पासपोर्ट सोबत हवाच. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली. आमच्या डब्यात पोलिस चढले तेव्हा एका काकांच्या फोनमध्ये पासपोर्टचा फोटो होता आणि पासपोर्ट घरी. त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता.

खर्च कमी करायचा तर मुक्काम केलला करा. २०१७ पासून डी लाइनची ट्राम ऱ्हाइन ओलांडून थेट स्ट्रासबुर्गात जाते.

निद्दाकाठ

तिकिटांची माहिती फार उपयोगाची, धन्यवाद. केलच्या मुक्कामाला मात्र माझा विरोध. संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक परत जातात, कालव्याकाठच्या बाकांवर जागा मिळते, जूनमध्ये उशिरापर्यंत उजेड असतो. आईबाबांना तोच वेळ सगळ्यात आवडला. त्या वेळी ट्रामने दुसऱ्या देशात झोपायला का जायचं?

गेंटचं पटतंय, पण स्टेशन जुन्या गावापासून लांब आहे, सामान घेऊन ट्राम लागते. ब्रसेल्सला बदलावं लागतं ते वेगळंच.

नवा_सदस्य_हाइडेलबर्ग

दोन्ही जमणार नाही का? दोन रात्री पॅरिस, येताना एक रात्र स्ट्रासबुर्ग. दोन्ही शहरांच्या मधे थेट गाडी आहेच.

निद्दाकाठ

कृपया असं करू नका. चार दिवसांत दोन हॉटेलं म्हणजे बॅगा भरणं-उपसणं दोनदा, औषधांचा डबा दोनदा शोधणं, आणि दुपारी तीनपर्यंत खोली मिळत नाही म्हणून सामान घेऊन बाकावर बसणं. साठीच्या पुढच्या माणसांना एकच खोली, एकच खिडकी द्या.

सांगलीची_सून

या एका बाबतीत पूर्ण सहमत, एकच हॉटेल. फक्त ते पॅरिसला.

गर्दीचा, रांगांचा कंटाळा आपल्याला येतो, कारण आपण इथे राहतो आणि आपल्याला पुढचा शनिवार आहे. त्यांना नसतो. सासूबाई टॉवरखाली पाऊण तास रांगेत उभ्या होत्या आणि त्या पाऊण तासात त्यांनी सांगलीला तीन व्हिडिओ कॉल केले. आता या फ्रोनलाइखनामला माझे आईबाबा येत आहेत. टॉवरच्या लिफ्टची तिकिटं ज्या दिवशी खुली होतील त्याची खूण कॅलेंडरवर करून ठेवली आहे. गाडीची तिकिटं काढून झाली आहेत, जाताना सकाळची, येताना रविवारी दुपारची.