गायरानात कुसळी, ओढ्याकाठी मारवेल: फरक मातीचा का?

प्रश्न: बालाघाटाच्या माथ्यावरील आमच्या गायरानात कुसळी गवतच माजते, तर खाली ओढ्याकाठी मारवेल हे चाऱ्याचे गवत गुडघाभर वाढते. पाऊस सारखाच असताना हा फरक मातीचा समजावा काय?

उत्तर १: मुख्यतः मातीच्या खोलीचा. माथ्यावर मुरमावर जेमतेम वीतभर माती असते. पावसाने उघडीप दिली की ती लवकर सुकते.

उत्तर २: मात्र खोल काळी माती सर्वच झाडांना मानवते असे नाही, कारण तिने धरलेल्या पाण्याचा बराच अंश मुळांना ओढता येत नाही आणि उन्हाळ्यातील भेगांत कोवळी मुळे तुटतात. साग निचऱ्याची जमीन मागतो, म्हणून तो किनवटच्या डोंगरउतारांवर दिसतो. चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या, रानात बाभूळच तग धरते.

उत्तर ३: सगळा दोष मातीला देऊ नये, अति चराईनेही पवन्या हे चाऱ्याचे गवत हटून कुसळी वाढते.