शब्दचर्चा : शिडाच्या जहाजांवरून इंग्रजीत उतरलेले शब्द

प्रश्न : एका अहवालाचा मराठी अनुवाद करते आहे. त्यात 'बाय अँड लार्ज' जागोजागी आलंय. 'एकंदरीत' किंवा 'ढोबळमानाने' लिहून काम भागतं. पण 'बाय' आणि 'लार्ज' ही जोडी जमली कशी? कोशात 'नाविक संज्ञा' एवढं म्हणून सोडून दिलंय. याच अहवालात 'लीवे' दोनदा आहे आणि दोन्हीकडे अर्थ उलटासुलटा वाटतो. कुणी उलगडून सांगेल का?

उत्तर : दोन्हींची किल्ली वाऱ्यात आहे. परबाणांवर, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या काठ्यांवर, चौकोनी शिडं बांधलेलं जुनं युरोपी जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नसे. फार तर वाऱ्याच्या दिशेपासून ६७-६८ अंश तिरकं राहून पुढे सरकायचं. असं वाऱ्याला खेटून जाणं म्हणजे 'बाय द विंड'. उलट वारा मागून किंवा मागच्या अंगाने येत असेल, शिडं फुगलेली असतील, ते 'लार्ज'. जे जहाज 'बाय'ही बरं चालतं आणि 'लार्ज'ही बरं चालतं, ते सगळ्या वाऱ्यांत एकंदरीत चांगलं. सतराव्या शतकातल्या नाविकांच्या पुस्तकांत ही जोडी आहे. जमिनीवर आल्यावर वारा गळून पडला आणि 'एकंदरीत' तेवढं उरलं. म्हणजे तुमचा अनुवाद बरोबरच आहे.

आता 'लीवे'. वारा जिकडे वाहत जातो ती बाजू 'ली'. जहाज नाकासमोर चालल्यासारखं वाटतं, पण वारा त्याला सतत थोडं आडवं ढकलत असतो. ही आडवी घसरण म्हणजे 'लीवे'. त्यातून दोन अर्थ फुटले. घसरण झाली म्हणजे ती भरून काढायला हवी, म्हणून 'मेक अप लीवे' म्हणजे पिछाडी भरून काढणं. दुसरीकडे, खडकाळ किनारा त्या बाजूला असेल तर कप्तान घसरणीला पुरेल एवढी मोकळी जागा राखून ठेवायचा. म्हणून 'गिव्ह समवन लीवे' म्हणजे मोकळीक देणं. एकच शब्द, एकदा तोटा आणि एकदा सवलत. तुमच्या अहवालात बहुधा एक-एक आलेलं असणार.

त्याच घराण्यातले आणखी दोन. समोरून अचानक वारा येऊन शिडं उलटी डोलकाठीवर दाबली गेली की जहाज जागच्या जागी थबकायचं, कधी काठीही मोडायची. ते 'टेकन अबॅक'. हबकणं, चाट पडणं, अवाक होणं, यांतलं मला 'हबकणं' सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यात थबकणंही ऐकू येतं. आणि 'अलूफ'. ती मुळात सुकाण्यावरच्या माणसाला दिलेली आज्ञा : जहाजाचं नाक वाऱ्याकडे धर, म्हणजे किनाऱ्यापासून लांब राहशील. चारचौघांत फटकून वागणारा माणूस अजून तीच आज्ञा पाळतोय.

शंका : मग दारुड्याचं 'थ्री शीट्स टू द विंड' पण यातलंच ना? तीन शिडं वाऱ्यावर सुटली?

उत्तर : इथे बहुतेकजण फसतात, इंग्रजसुद्धा. 'शीट' म्हणजे शीड नव्हे, तो शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला दोर आहे. जुन्या इंग्रजीत मूळ शब्द शिडाच्या कोपऱ्याचा, तो पुढे त्या कोपऱ्याच्या दोराला चिकटला. हा दोर सुटला की शीड फडफडतं, आणि असे तीन सुटले की जहाज झोकांड्या खात जातं. जुनं रूप 'इन द विंड' होतं, 'टू' मागाहून आलं. त्यात पायऱ्याही होत्या : एकच शीट सुटलं असेल तर माणसाला नुसती चढलीय, तीन म्हणजे पार तर्र. मराठीत 'तर्र' किंवा 'टल्ली' वापरा. शिडं-दोर मराठीत आणायच्या भानगडीत पडू नका.

दारूवरून 'ग्रॉगी' आठवला. ब्रिटिश आरमाराचा अॅडमिरल एडवर्ड व्हर्नन याने १७४० मध्ये हुकूम काढला की खलाशांना रोजची रम निव्वळ न देता एक भाग रममध्ये चार भाग पाणी घालून द्यायची. तो ग्रॉग्रम नावाच्या जाड कापडाचा झगा घालायचा, म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. पाणचट रमला त्याचंच नाव चिकटलं. ती पिऊन डुलणारा 'ग्रॉगी', आणि आज रात्रपाळी करून आलेला माणूसही तोच. (जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननला नाव याच व्हर्ननचं.) आरमारातला रमचा रतीब १९७० पर्यंत चालू होता.

भर : 'पॉश' राहिला की! तो तर मुंबईचा शब्द. इंग्लंडहून मुंबईला येताना सावलीची खोली डाव्या बाजूला, म्हणजे पोर्टला, आणि परतताना उजव्या बाजूला, स्टारबोर्डला. पी अँड ओ या जहाज कंपनीच्या बड्या प्रवाशांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का असे. त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश.

उत्तर : गोष्ट इतकी गोंडस आहे की मोडताना वाईट वाटतं. सावलीचं गणित ठीकच आहे, पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला मिळालेलं नाही. शिवाय आद्याक्षरं जुळवून शब्द घडवायची टूम मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतरची. 'पॉश' त्याआधीपासून लंडनच्या गल्लीबोळांतल्या बोलीत होता : आधी चिल्लर पैशाला, बहुधा रोमानी भाषेतल्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दावरून, आणि नंतर छानछोकी करणाऱ्या माणसाला. यातून 'भपकेदार' कसं आलं ते समजायला जहाजाची गरज पडत नाही.

ही खोड इतकी जुनी आहे की इंग्रजी शब्दाभ्यासकांनी एक काल्पनिक समितीच काढली आहे : प्रत्येक गोष्टीला नाविक उगम चिकटवणारी समिती. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की 'कनू' होतं, म्हणजे छोटी होडी. 'ब्रास मंकी'ची थंडी, म्हणजे पितळी माकडालाही गोठवील असा कडाका, हे या समितीचं लाडकं काम. म्हणे 'मंकी' नावाच्या पितळी तबकात तोफगोळे रचलेले असत, थंडीने तबक आकसलं की गोळे गडगडत. गोळे ठेवायला जहाजावर भोकं पाडलेल्या लाकडी फळ्या होत्या, आणि पितळ एवढं आकसतही नाही. जुन्या वापरात तर कडक उन्हाने पितळी माकडाचं नाक वितळल्याचंही सापडतं. तेव्हा ते बापडं साधं माकडच.

माझी कसोटी अशी : जहाजावरचा अर्थ जमिनीवरच्या अर्थाच्या आधी छापलेला सापडतो का? 'डोलड्रम्स' यात उलटा निघतो. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्याचं ते नाव, आणि त्यावरून मरगळ, असं सगळे समजतात. पण मरगळीचा अर्थ आधीचा, समुद्राच्या पट्ट्याला नाव नंतर मिळालं. याउलट 'स्कायस्क्रेपर' ऐकून कुणाला समुद्र आठवतो? तो अठराव्या शतकाच्या शेवटी डोलकाठीच्या अगदी शेंड्यावर लावायच्या छोट्या शिडाला म्हणत. शिकागोतल्या उंच इमारतींना तो १८८०च्या दशकात मिळाला. 'जंक'ही खरा नाविक : कापून टाकलेला जुना दोर. आज तो ईमेलच्या कचऱ्यात आणि वडापावच्या बदनामीत आहे.

शंका : आपल्याकडे असं काही झालंच नाही का? कोकण किनारा, आंग्र्यांचं आरमार, एवढं सगळं असून?

उत्तर : झालंय, फक्त आपण ते कान देऊन ऐकत नाही. क्रिकेट संघाचा कर्णधार घ्या. संस्कृतात 'कर्ण'चा एक अर्थ सुकाणू, कर्णधार म्हणजे ते धरणारा. तिकडे लॅटिनमध्ये सुकाणू धरणारा 'गुबेर्नातोर', त्यावरून 'गव्हर्नर'. लॅटिनने तो उचलला ग्रीकमधून, आणि त्याच ग्रीक शब्दावरून गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने १९४८ मध्ये नियंत्रणाच्या शास्त्रासाठी 'सायबरनेटिक्स' केला. पुढे त्यातलं 'सायबर' सुटून कॅफेला लागलं. हिंजवडीत 'कुबरनेटिस' या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी त्याचं बोधचिन्ह पाहावं, सुकाण्याचं चाकच आहे. आणि 'स्टीअरिंग कमिटी'ला आपण 'सुकाणू समिती' म्हणतो, त्यातलं सुकाणू अरबीतून आलेलं.

खोली मोजायचा 'फॅदम' म्हणजे दोन्ही हात फैलावल्यावर होणारं अंतर, सहा फूट. मराठीत त्यालाच 'वाव'. अवकाश या अर्थाचा वाव आपण रोज वापरतो, मापाचा मात्र विसरलो. 'आय कान्ट फॅदम'साठी 'थांग लागत नाही' चपखल बसतं, थांगही पाण्याचाच.

शेवटची शंका : त्याच अहवालात 'टो द लाइन' आहे. गलबताला दोर बांधून ओढतात, तोच 'टो' ना?

उत्तर : नाही, आणि ही चूक इंग्रजीत स्पेलिंगमध्ये पकडता येते. देवनागरीत दोन्ही 'टो'च, त्यामुळे ती सुखाने लपते. हा पायाच्या बोटाचा टो : आखलेल्या रेषेला बोटं टेकवून उभं राहायचं. डेकच्या फळ्यांच्या सांध्यावर खलाशी रांगेत उभे करत, असं सांगणारे आहेत, पण शर्यतीची रेषाही तितकीच जुनी आहे, म्हणून मी हा नाविकांच्या खात्यात धरत नाही. अनुवादात 'पक्षादेश पाळला' लिहा. 'पक्षाची री ओढली' मोह पाडेल, त्यात ओढणंही आहे, पण त्याने टोमणा येतो. मूळ वाक्यात टोमणा असेल तरच वापरा.