मदत हवी आहे: २००४ची क्वालिस, इंजिन खोलावं की नवी गाडी घ्यावी?

माळरान:
नमस्कार मंडळी. आम्ही आटपाडी भागातले, डाळिंबाची शेती. घरात २००४ची डिझेल क्वालिस आहे, २४४६ सीसीचं बिनटर्बोचं इंजिन. वडिलांनी नवी घेतलेली. मीटर साडेतीन लाखांच्या पुढे गेलाय. पासिंग २०२९ पर्यंत आहे, एचएसआरपी पाट्याही बसवल्यात, त्यामुळे कागदांची काळजी नाही.

यंदाच्या थंडीत मात्र सकाळी लवकर चालू होत नाही. बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, मग पांढरा धूर, आणि इंजिन जरा तापलं की सगळं सुरळीत. ऑइलही पूर्वीपेक्षा जास्त खाते. गावातले मिस्त्री म्हणतात, बॅक कॉम्प्रेशन मारतेय (म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली गळतोय), फुल इंजिन काम करा. घरचे म्हणतात, जुन्या गाडीत एवढे पैसे कशाला घालता, त्यात भर टाकून नवी घ्या.

वडिलांना हृदयाचा त्रास आहे आणि त्यांचे डॉक्टर मिरजेला. रात्री दोन वाजता किल्ली फिरवली तर गाडी निघालीच पाहिजे, माझा सगळा हिशोब तिथून सुरू होतो. क्वालिसने आजवर आम्हाला वाटेत सोडलेलं नाही. काही बिघडणार असेल तर आठवडाभर आधीपासून आवाज करते, आणि विट्यापासून पंढरपूरपर्यंत कुठलाही मिस्त्री तिला हात घालतो. चुलतभावाची बीएस६ (म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी (कंपनीचं नाव लिहीत नाही) चांगली चालता चालता दिवा लागला आणि वेगच घेईना. टोचन लावून सांगलीला न्यावी लागली. स्कॅनर लावल्यावर कळलं की एक सेन्सर गेलाय. हे रात्री वडील गाडीत असताना झालं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

आमचा वापर: रोज घर ते मळा सहा-सात किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता मुरमाचा. अधूनमधून मिरज, कधीतरी पुणे. माणसं सहा-सात, हंगामात मागे क्रेट.

काम केलं तर पासिंग संपेपर्यंत ही गाडी भरवशाची राहील का? आणि नवी घ्यायचीच झाली तर या वापराला डिझेल की पेट्रोल? ज्यांनी अशी गाडी वापरलीय किंवा दुरुस्त केलीय, त्यांनी जरूर लिहा.

नोझल_पंप:
दादा, इंजिन इतक्यात खोलू देऊ नका. हेच काम करतो म्हणून सांगतो.

तुमच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या छोट्या चेंबरमध्ये पडतं. थंडीत त्या चेंबरच्या भिंती उष्णता ओढून घेतात, म्हणून हीटर प्लग लागतात. ते गेले की डिझेल न जळताच बाहेर येतं, तोच तुमचा पांढरा धूर. तापल्यावर सुरळीत होते ना? मग आधी चारही हीटर प्लग आणि त्यांची रिले तपासा, मग बॅटरी आणि स्टार्टर. रात्रभर उभी राहिल्यावर डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते का तेही बघा. सकाळी डिझेल फिल्टरवरचा हँडपंप मारून मग स्टार्टर मारला आणि पटकन चालू झाली, तर चोर तिथेच आहे.

एवढं करूनही फरक पडला नाही तर गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. चारही सिलिंडरचे आकडे चांगले आणि जवळपास सारखे आले तर ऑइल खाण्यामागे वॉल्व्ह सील असू शकतात. ते हेडचं काम, फुल इंजिनपेक्षा बरंच स्वस्त. नुसता धूर बघून कुणी फुल काम सांगत असेल तर थांबा.

एक महत्त्वाचं. वॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून या इंजिनाला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे. तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि तुटण्याआधी तो आठवडाभर आवाज करत नाही. शेवटचा कधी बदललाय?

घाटवाट:
मला दुसरी बाजू मांडायची आहे. जुन्या गाड्या टिकाऊ वाटतात कारण टिकलेल्याच रस्त्यावर दिसतात, बाकीच्या केव्हाच भंगारात गेल्या. पूर्वी घाटात बॉनेट उघडून पाणी ओतत उभ्या असलेल्या गाड्या किती दिसायच्या! कार्बोरेटर साफ करा, पॉइंट घासा, चोक ओढा, यातलं काहीही आजच्या पेट्रोल गाडीला लागत नाही. तुमची क्वालिस खरंच दणकट आहे, पण तिचे ब्रेक होज, वायरिंग, रेडिएटरचे पाइप यांचंही वय झालंय. आणि रात्री आजारी माणसाला घेऊन निघताना एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक न होऊ देणारी सोय) नसणं मला फार खटकतं. नव्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे, पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२२ पासून.

नवं डिझेल मात्र तुमच्यासाठी नकोच. बीएस६ डिझेलला धुराची काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ते हायवेवर सलग चालवल्यावरच नीट मिळतं. सहा-सात किलोमीटरमध्ये इंजिन धड तापत नाही. गाळणी साफ होता होता मध्येच गाडी बंद केली की काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. हे वारंवार झालं की गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गाडी ताकद कमी करते. भावाच्या गाडीचा रोजचा वापर कसा आहे तेही विचारा. नवी घेतलीत तर पेट्रोल.

कॅनभर_डिझेल:
शेतावर कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल गाडीत ओतता का? आम्ही सगळेच ओततो. क्वालिस पचवते. नव्या डिझेल गाड्यांच्या कॉमन रेलचा (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) दाब दोन हजार बारच्या घरात असतो, त्याला बारीक कचरा आणि पाणी अजिबात चालत नाही.

माळरान:
सगळ्यांचे आभार. काल हीटर प्लग काढून तपासले, दोन मेलेले निघाले. चारही नवे टाकले. आज सकाळी बरीच लवकर चालू झाली, धूर आहे पण कमी. बेल्ट कधी बदलला ते वडिलांनाही आठवत नाही, त्यामुळे तो या आठवड्यातच बदलतोय, सोबत ब्रेक होजही.

घाटवाट, एअरबॅगचं तुमचं म्हणणं पटलं. ते घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तूर्त बेत असा: कॉम्प्रेशन चांगलं आलं तर क्वालिस मळ्याला ठेवायची आणि मिरज-पुण्यासाठी पेट्रोल गाडी बघायची. गेज मात्र आमच्याकडे कुणाकडे नाही. विटा किंवा सांगली भागात चारही सिलिंडर मोजून आकडे कागदावर लिहून देईल असं गॅरेज कुणाला माहीत असेल तर कृपया कळवा. आणि सहा-सात माणसं बसवून चढाला दमणार नाही अशी पेट्रोल गाडी कुणी वापरत असेल, तर तुमचा अनुभवही हवा आहे.