म्युझियम डायरेक्टरांची नेटवर्क: पहारेकरी कसले, एकमेकांची पाठ थोपटणारी मंडळी

तिरकस_रेघ
काल इथे एका सद्गृहस्थांनी पोस्ट टाकली की आधुनिक कलेच्या म्युझियमप्रमुखांची सिमॅम, मोठी प्रदर्शनं भरवणाऱ्या बड्या म्युझियमप्रमुखांचा बिझो ग्रुप वगैरे आंतरराष्ट्रीय नेटवर्क नसती तर एव्हाना सगळी म्युझियम सरकारच्या नाहीतर पैसेवाल्यांच्या घशात गेली असती. 'कलास्वातंत्र्याचे शेवटचे पहारेकरी' असंही लिहिलं होतं. खाली कॉमेंट लिहायला बसलो तर आवरेना, म्हणून वेगळा धागा.

२०१५, बार्सिलोनाचं माक्बा, म्हणजे तिथलं समकालीन कलेचं म्युझियम. इनेस दुयाकचं शिल्प, त्यात स्पेनचे माजी राजे हुआन कार्लोस नको त्या अवस्थेत. डायरेक्टर बार्तोमेउ मारी म्हणाले काढा, क्युरेटर (प्रदर्शन रचणारे) म्हणाले नाही काढणार, तर साहेबांनी ऐन उद्घाटनाच्या तोंडावर अख्खं प्रदर्शनच रद्द केलं. बोंबाबोंब झाली तसं काही दिवसांत उघडलं, साहेबांनी राजीनामाही दिला, पण जाता जाता वालेंतिन रोमा आणि पॉल प्रेसियादो या दोन क्युरेटरांना घरी बसवून गेले. आता सांगा, हे गृहस्थ तेव्हा सिमॅममध्ये कोण होते? अध्यक्ष! म्युझियमची खुर्ची गेली, पहारेकऱ्यांच्या नाईकाची नाही गेली. बोर्डातून चार्ल्स एश, वासिफ कोर्तुन आणि अब्देल्ला कारूम असे तिघं बाहेर पडले, बाकीचे बसून राहिले. आणि वर्ष संपायच्या आत मारीसाहेब कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे डायरेक्टर, तेही तिथले कलाकार सह्यांची मोहीम चालवत असताना.

हा क्लब आहे. एकमेकांना प्रदर्शनं उधार द्यायची, एकमेकांच्या निवड समित्यांवर बसायचं आणि वर्षातून एकदा छानशा शहरात भेटून काळजी व्यक्त करायची. एवढंच. पहारा-बिहारा काही नाही.

कोरा_कॅनव्हास
ते सद्गृहस्थ मीच, नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

माक्बाचं प्रकरण लाजिरवाणं होतं, कोण नाही म्हणतंय. पण तुम्ही फक्त राहिले ते मोजलेत. तीन बोर्ड मेंबर स्वतःच्या अध्यक्षाविरुद्ध उघडपणे राजीनामा देतात हे कुठल्या क्लबात बघितलंत? आणि त्यानंतरचं काहीच वाचलेलं दिसत नाही. सिमॅमची म्युझियम वॉच नावाची समितीच आहे आता, कुठल्या डायरेक्टरला राजकारणापायी काढलं, कुठलं म्युझियम बंद पाडायला निघालेत, यावर जाहीर पत्रं निघतात. २०२० मध्ये स्लोव्हेनियात झ्देन्का बादोविनात्सला मॉडर्ना गॅलरीजा या आधुनिक कलेच्या म्युझियमच्या डायरेक्टरपदावरून घालवलं, १९९३ पासून ती बाई तिथे होती, युगोस्लाव्हिया फुटल्यानंतरची सगळी उभारणी तिची. जगभरातून पत्रं गेली. २०२२ मध्ये ती झाग्रेबच्या म्युझियमची डायरेक्टर झाली. पोलंडमध्ये झाखेंता या राष्ट्रीय कलादालनाच्या डायरेक्टर हान्ना व्रुब्लेव्स्काचा करार २०२१ च्या शेवटी सरकारने वाढवला नाही, आणि २०२४ मध्ये तीच बाई त्याच देशाची संस्कृती मंत्री! पत्रांमुळे झालं असं मी म्हणत नाहीये, पण काढलेल्या माणसाचं नाव जिवंत ठेवणं हेही काम असतं.

तिरकस_रेघ
कोरा साहेब, व्रुब्लेव्स्का मंत्री झाल्या कारण २०२३ ला पोलंडमध्ये मतदारांनी सरकार बदललं. श्रेय पोलंडच्या मतदारांना द्या की.

आणि पोलंडचं तुम्हीच काढलंत म्हणून. नोव्हेंबर २०२१ मध्ये सिमॅमची वार्षिक परिषद कुठे होती? वूज आणि ग्दान्स्क. यजमान कोण? वूजचं मुझेउम श्तुकी, डायरेक्टर यारोस्लाव्ह सुखान. सगळे दिग्गज तिथे जमले, दडपणाखालची म्युझियम हाच विषय, भाषणं झाली, फोटो निघाले. २०२२ उजाडलं आणि काही महिन्यांत मंत्र्याने सुखानलाच बाजूला केलं. ज्याच्या घरी पहारेकरी उतरले होते त्याचंच घर फोडलं! मग पत्र लिहिलं म्हणे.

कोरा_कॅनव्हास
मग काय रणगाडे पाठवायला हवे होते का? त्यांच्याकडे पत्राशिवाय आहे काय?

तिरकस_रेघ
अगदी हेच म्हणतोय की हो मी! फक्त पत्र आहे. मग 'शेवटचे पहारेकरी' कशाला लिहायचं?

निळी_शाई
दोघंही सिमॅमवरच अडकलात. दात असलेलं नेटवर्क बघायचं तर उत्तर अमेरिकेतलं एएएमडी, म्हणजे तिथल्या कला-म्युझियम डायरेक्टरांची संघटना बघा, १९१६ पासूनचं आहे. संग्रहातलं काम विकून पगार भागवले किंवा इमारत दुरुस्त केली तर थेट बहिष्कार, मेंबर म्युझियमनी त्यांना कामं उधार द्यायची नाहीत. २०२० मध्ये बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्ट वॉरहॉलचं 'लास्ट सपर' आणि ब्राइस मार्डन, क्लिफर्ड स्टिल यांची चित्रं विकायला निघालं होतं, साडेसहा कोटी डॉलर उभे करायचे होते. २८ ऑक्टोबरला लिलाव आणि त्याच दिवशी काही तास आधी माघार! शेवटच्या क्षणी एएएमडीशी बोलणी झाली होती. क्लब दटावतो तेव्हा म्युझियम ऐकतं.

तिरकस_रेघ
आणि अमेरिकेतलंच बर्कशायर म्युझियम? २०१८ मध्ये नॉर्मन रॉकवेलचं चित्र विकलं, एएएमडीने बहिष्कार घातला, त्यांनी खुशाल विकत राहून पैसे खिशात घातले. ज्याला बाहेरून उधारीची चित्रं आणायचीच नाहीत त्याला उधारी बंद म्हणून धमकावून काय होणार? बरं, नियम तरी कुठे पक्के. करोनात एप्रिल २०२० ला दोन वर्षांची सूट दिली की विक्रीचे पैसे संग्रहाच्या देखभालीला वापरा, आम्ही काही म्हणणार नाही. बाल्टिमोरने तीच फट बघून उडी मारली. आणि २०२२ मध्ये ती सूट कायमची झाली.

निळी_शाई
फट बघून मारली हे बरोबर. पण मारली आणि मागे घेतली हेही बरोबर.

बाकी मला या नेटवर्कांचा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. ज्युनिअर असताना ट्रॅव्हल ग्रँटवर अशा एका डायरेक्टर-परिषदेला गेले होते. संस्था कोणती ते सांगत नाही. विषय होता समता आणि काळजी वगैरे. आम्हा ग्रँटवाल्यांच्या गळ्यात वेगळ्या रंगाचं कार्ड. जेवणाच्या टेबलावर एका मोठ्या बाईंनी आधी माझं कार्ड बघितलं, मग चेहरा, आणि मग पलीकडच्या माणसाशी बोलायला लागल्या. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टचे लोक १९ दिवस संपावर होते, पगारासाठी आणि आरोग्य विम्यासाठी. सरकारने डायरेक्टर काढला की जगभरातून पत्र येतं. डायरेक्टरनेच क्युरेटर काढला की? माक्बातल्या त्या दोघांचं नाव निघालं कारण प्रकरण गाजलं. न गाजलेले किती असतील.

पेटी_उघडा
तुमची स्वातंत्र्याची लढाई चालू द्या, पण मी म्युझियमची रजिस्ट्रार आहे, म्हणजे कामांची ने-आण आणि उधारीचे करार सांभाळणारी, आणि या नेटवर्कांनी माझ्या आयुष्यात जो एकमेव फरक पाडला त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाहीये. हवा!

बिझो ग्रुपला शिव्या घालताय ना, त्यांचा ग्रीन प्रोटोकॉल वाचा. पूर्वी कुठलंही चित्र उधार आणायचं तर करारात आर्द्रता ५० टक्के, पाच वर पाच खाली, आणि तापमान काट्यावर. दिवसरात्र यंत्रं चालू. २०१४-१५ च्या सुमारास याच मोठ्या डायरेक्टरांनी ठरवलं की बहुतेक वस्तूंना ४० ते ६० टक्के आणि १६ ते २५ अंश चालतं, फक्त चोवीस तासांत दहाच्या वर हलू नये. विजेचं बिल कुणी भरलंय त्याला विचारा हे किती मोठं आहे ते. हे कुठल्याही एकट्या म्युझियमला जमलं नसतं, कारण एकटा ढिला पडला की दुसरा उधारच देत नाही. सगळ्यांनी एकदम ढिलं पडावं लागतं, आणि त्यासाठी क्लबच लागतो.

थर_खाली
पेटीताई, थांबा जरा. मी कॉन्झर्व्हेटर आहे, चित्रं जपणं-दुरुस्त करणं माझं काम, आणि 'बहुतेक वस्तूंना चालतं' हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो. ४० आणि ६० ही काय एकच हवा आहे का? लाकडी पाटावरचं चित्र ४० ला आकसतं, ६० ला फुगतं आणि वरचा रंगाचा थर मधल्या मध्ये उखडतो. माझ्याकडे एक काम लोनवरून परत आलं, जाताना कंडिशन रिपोर्ट (कामाच्या अवस्थेची नोंद) स्वच्छ, येताना कडेने सगळीकडे रंग उठलेला. समोरच्यांचं उत्तर काय, 'आम्ही बँडच्या आतच होतो'. होते! आतच होते! पण रोज रात्री यंत्र बंद करत होते.

आणि श्रेय डायरेक्टरांना का हो? २०१४ मध्ये आयआयसी ही कॉन्झर्व्हेटरांची आंतरराष्ट्रीय संस्था आणि आयकॉम या म्युझियमांच्या जागतिक संघटनेची कॉन्झर्व्हेशन समिती यांनी हवेच्या याच अटींवर संयुक्त घोषणापत्र काढलं, ते कॉन्झर्व्हेटर लोकांचं काम आहे. डायरेक्टरांना बिल दिसतं, आम्हाला थर दिसतो.

पेटी_उघडा
त्या प्रोटोकॉलमध्ये नाजूक वस्तूंना वेगळा नियम ठेवायची मुभा आहे, ती तुम्ही गाळलीत. आणि रात्री यंत्र बंद करून दहाच्या वर चढउतार होत असेल तर तो प्रोटोकॉल मोडणं झालं, पाळणं नाही.

माझं ऐका. एका मोठ्या संस्थेने आमच्याकडून लेखी घेतलं, ५०, वर पाच खाली पाच, एक टक्काही ढळला तर काम परत नेऊ. पेटी आली. पेटीत त्यांचाच डेटालॉगर (तापमान-आर्द्रता नोंदवत राहणारं यंत्र), आणि तो निघायच्या आधीपासून चालू राहिलेला. त्यांच्या स्वतःच्या स्टोअरमधला ग्राफ आयता माझ्या हातात! ३८ पासून ६४ पर्यंत नाचत होता. मी प्रिंट काढून कामासोबत आलेल्या त्यांच्या माणसासमोर, कुरियरसमोर, ठेवला, तो म्हणाला हे आपण न बघितल्यासारखं करू. मग ही कडक अट कोणासाठी होती? चित्रासाठी की आम्हाला आमची जागा दाखवण्यासाठी?

थर_खाली
त्यांचं स्टोअर वाईट होतं म्हणून नियम वाईट ठरत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीने महायुद्धात, १९४१ मध्ये, चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या स्लेट खाणीत हलवली, आत हवा एकसारखी ठेवली, आणि लंडनमध्ये सारखी दुरुस्ती मागणारी चित्रं तिथे शांत बसली. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची हे तेव्हापासून माहीत आहे.

पेटी_उघडा
मग माझंच म्हणणं झालं की! स्थिरता म्हणा, ५० म्हणू नका. जिथे बाहेर वर्षातले कित्येक महिने ८० टक्के असतात तिथे ५० वर आणून ठेवायला जी यंत्रं लागतात ती एक दिवस बंद पडली की जो धक्का बसतो तो जास्त वाईट. ६० ला स्थिर ठेवलेलं परवडतं.

थर_खाली
परवडतं कुणाला? चित्राला की तुम्हाला? कंडिशन रिपोर्टवर सही करून मोकळं होणाऱ्यांनी मला स्थिरता शिकवू नये.

पेटी_उघडा
आणि लॅबमध्ये एसीत बसून लोकांना काट्यावर नाचवणाऱ्यांनी मला परवडणं शिकवू नये. पेटी रात्री दोन वाजता धक्क्यावर उतरते तेव्हा तुमच्यातलं कोणी नसतं तिथे.

मूक_प्रेक्षक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा सेन्सॉरशिपचा होता ना?

तिरकस_रेघ
होता. पण पेटीताईंचा मुद्दा मला उलट माझ्याच बाजूचा वाटतोय. बिझो ग्रुप १९९२ ला इरेन बिझो बाईंनी सुरू केला, मोठ्या प्रदर्शनवाल्यांचा, मेंबरशिप आमंत्रणावर. म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं काटेकोर अटी घालून छोट्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांनीच बंद खोलीत बसून अटी सैल केल्या आणि आता आपण टाळ्या वाजवायच्या. ८० टक्के आर्द्रतेत काम करणारी किती म्युझियम त्या खोलीत होती?

कोरा_कॅनव्हास
तिरकसराव, काहीही झालं तरी तुमच्या बाजूचंच होतं. अटी कडक ठेवल्या तर जुलूम, सैल केल्या तर बंद खोली. पत्र लिहिलं तर दात नाहीत, बहिष्कार घातला तर दादागिरी.

तिरकस_रेघ
दादागिरी मी म्हटलंच नाही, ते निळीताईंना विचारा. बरं, एवढं देतो तुम्हाला: हवा, पेट्या, विमा, कुरियर पाठवायचा की व्हिडिओवर भागवायचं, असल्या कंटाळवाण्या कामांसाठी हे क्लब उपयोगी आहेत, मनापासून. ही मंडळी तेवढ्यावरच भेटली असती तर मी धागाच काढला नसता. स्वातंत्र्याची भाषणं करतात तिथे माझं डोकं फिरतं.

निळी_शाई
म्हणजे डायरेक्टरांनी फक्त एसीबद्दल बोलावं असं तुमचं म्हणणं? कमाल आहे. सुखानला काढलं तेव्हा बाकी कुणी बोलायचं मग? त्याच्या हाताखालचे लोक बोलले असते तर त्यांची नोकरी गेली असती, बाहेरच्या डायरेक्टरची नाही जात. माझा त्या टेबलावर अपमान झाला तरी हे मी मान्य करते, नाइलाजाने.

कोरा_कॅनव्हास
'पहारेकरी' काढून टाकतो पोस्टमधून. 'शेजारी' लिहितो. खूश? शेजारी चोर पकडत नाहीत, पण दिवे लावतात आणि ओरडतात.

तिरकस_रेघ
लिहा. बार्सिलोनाला शेजाऱ्यांचा अध्यक्षच घरात होता तेही कंसात टाका.

थर_खाली
तुमचं मिटलं असेल तर माझं राहिलंय. पेटीताई, सही करून मोकळं होणारं वाक्य जास्त झालं, पण बाकी मुद्दा तसाच आहे. कोणीही वर्षभराचा लॉग दाखवावा, रोजचा, रात्रीसकट, सरासरी नको. चढउतार खरंच पाचच्या आत असेल तर ६० ला काय, ६२ ला पण काम पाठवायला हरकत घेणार नाही मी. लाकडी पाट सोडून.

पेटी_उघडा
दाखवते. आधी तुमच्या स्टोअरचा पाठवा.