रिपोर्ट नॉर्मल, माणूस आजारी: निदानाचा कागद नसेल तर आजारपण मानायचं की नाही?

काउंटरवाली (मूळ धागा)

विषय टाकतेय, कारण गेल्या आठवड्यात आमच्या पतसंस्थेत यावरून बऱ्यापैकी वाजलं. माझं म्हणणं आधीच सांगते, मग काय ते हाणा. व्हायरल तापानंतर महिनोन्‌महिने अंगात जीव न येणं हा आजारच आहे, त्याला नाव मिळो न मिळो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर त्याच माणसाला पुन्हा पुन्हा लॅबमध्ये पिटाळणं थांबवावं आणि तो सांगतोय ते खरं धरून चालावं.

गेल्या पावसाळ्यात मला ताप आला, सांधे धरले. डेंग्यूची एनएस-वन निगेटिव्ह आली. ताप उतरला, चिकनगुनियाची तपासणी झालीच नाही. तेव्हापासून डोक्यावरून अंघोळ केली की त्या दिवशी स्वयंपाक होत नाही. संध्याकाळी पिग्मीचे एजंट रोकड घेऊन येतात, तेव्हा उभ्यानं नोटा मोजताना साठ-सत्तरच्या पुढे आकडा सुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. तो दिवस कसाबसा निभावतो. मोडते ती दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या. सीबीसी, थायरॉईड, शुगर, बी-ट्वेल्व्ह, आरए फॅक्टर, छातीचा एक्स-रे, सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी चक्क अभिनंदन केलं. साहेब म्हणाले, "मग रजा कशाच्या जोरावर मंजूर करू?"

शिरोलीवाला

साहेबांचं काय चुकलं ते सांगा. माझी शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री आहे. जोतिबाची यात्रा झाली की माझ्याकडं निम्मी माणसं "अशक्त" असतात. त्यातला खरा कोण आणि आदल्या रात्री जागलेला कोण, हे मी कशावरून ठरवू? ज्याच्या तोंडाकडं बघून दया येते त्याला रजा, आणि जो गप्प राहून राबतो त्याला ओव्हरटाइम? कागद मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे. कागदामुळं सगळ्यांना एकच माप लागतं.

ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं बघा. आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. त्यापुढं वाढीव भत्ता पाहिजे तर ३४ ठरावीक आजारांची यादी आहे, टीबी, कॅन्सर असले. "अंगात जीव नाही" हे त्या यादीत कुठं बसवू? नियम मी केलेला नाही.

वस्ताद_गंगावेस

ताई, राग मानू नका, पण २००६ ला चिकनगुनिया आला तेव्हा आमची आख्खी गल्ली भिंत धरून चालत होती. त्यातली जी पोरं तालमीत आली ती सुधारली, जी अंथरुणाला धरून राहिली ती अजून गुडघं चोळत बसल्यात. सकाळी कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध घ्यायचं, रंकाळा तलावाला एक फेरी मारायची, रोज थोडी थोडी वाढवायची. दुखलं तरी थांबायचं नाही. आठवड्यातनं एकदा पांढरा रस्सा. शरीर हे लाडावलं की बसतंय.

फिजिओ_राजारामपुरी

वस्ताद, तुमची फेरी सांधे आखडलेल्या पेशंटला चालेल. डॉक्टरांना विचारून मीही देते. पण वर ताईंनी लिहिलंय ते नीट वाचा: "मोडते ती दुसऱ्या दिवशी." श्रमानंतर एक-दोन दिवसांनी तब्येत कोसळणं ही या दुखण्याची खास खूण आहे. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं एमई/सीएफएसचे, म्हणजे या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजाराचे निकष मांडले. सहा महिन्यांहून जास्त काळ काम करण्याची क्षमता घटलेली, श्रमानंतरची ही कोसळ, झोपूनही न जाणारा थकवा, आणि जोडीला डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं. व्यायाम "रोज थोडा वाढवा" हा सल्ला ब्रिटनमध्येही वर्षानुवर्षं दिला जात होता. २०२१ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेनं नव्या मार्गदर्शिकेत तो काढून टाकला. ठरलेल्या चढत्या क्रमानं व्यायाम देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं.

माझ्याकडं येणाऱ्यांना मी एवढंच सांगते: बरं वाटतंय त्या दिवशी सगळी साठलेली कामं उरकू नका. बायकांना हे सर्वांत जड जातं. बरं वाटलं की त्या पहिल्यांदा माळा साफ करायला काढतात.

वस्ताद_गंगावेस

म्हणजे बसून राहा म्हणतासा?

फिजिओ_राजारामपुरी

नाही. दुसऱ्या दिवशी उठता येईल एवढंच करा म्हणते. ती रेघ प्रत्येकाची वेगळी आणि ती आधी शोधावी लागते. कुणाची रंकाळ्याची अर्धी फेरी, कुणाची न्हाणीघरापर्यंतच.

इचलकरंजीकर

तुमचं सगळं रजेवर अडलंय. आमच्यात यंत्रमागावर कापडाच्या मीटरवर पैसे. कागद आणला तरी दाखवायचा कुणाला, मागाला?

डॉक्टर_मेडिसिन

मी फिजिशियन आहे. मूळ धाग्यातलं अर्धं मला पटतं, अर्ध्याला ठाम विरोध आहे.

"तपासण्या थांबवा" हे सरसकट सांगू नका. थकवा घेऊन आलेल्या माणसात मी फुप्फुसाबाहेरचा टीबी पाहिलाय, झोपेत श्वास अडकणारे पाहिलेत, अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावलेली पाहिलीये. लाँग कोव्हिडची जागतिक आरोग्य संघटनेची ऑक्टोबर २०२१ची व्याख्या बघा. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली लक्षणं, *आणि दुसऱ्या कुठल्या निदानानं उलगडा न होणारी*. ते शेवटचं कलम नुसतं शोभेला नाही. वजन घटलं, रात्री घाम फुटला, सांधा सुजून गरम झाला, नवीन ताप आला, तर जुन्या फायलीवर विसंबू नका, पुन्हा या. आणि डिप्रेशनबद्दल विचारलं की पेशंट चिडतात. अहो, तोही आजारच आहे, आणि त्यावर औषध आहे.

आता दुसरी बाजू. शिरोलीवाले मागतात तो कागद बऱ्याचदा *कोणीच* देऊ शकत नाही. चिकनगुनियाची आरटी-पीसीआर साधारण पहिल्या आठवड्यातच उपयोगी. रक्तातलं आयजीएम, म्हणजे संसर्गानंतरची अँटिबॉडी, साधारण पाचव्या दिवसापासून सापडतं, काही आठवडे ते महिने राहतं, मग ओसरतं. पुढच्या उन्हाळ्यात आलेल्या माणसाला "तुला तेव्हा नेमकं काय झालं होतं" हे खात्रीनं सांगणारी तपासणी माझ्याकडं नाही. कोव्हिडचंही तेच. लस किंवा संसर्ग, कशामुळं तरी अँटिबॉडी बहुतेकांत आहेतच, त्यावरून आज काय सिद्ध करणार? २०२१च्या उन्हाळ्यात इथं किती जणांनी चाचणी न करताच घरात दिवस काढले, तुम्हाला माहितेय. आणि एमई/सीएफएसची एक अशी रक्ततपासणी अजून नाहीच.

शिरोलीवाला

डॉक्टरसाहेब, म्हणजे तुम्हीच म्हणताय की सिद्ध होत नाही. मग "मनाचं आहे" म्हणणारा चुकतो कुठं?

डॉक्टर_मेडिसिन

ऑस्ट्रेलियात डब्बो नावाचं गाव आहे. तिथं २५३ जणांवर संसर्ग झाल्यापासूनच लक्ष ठेवलं गेलं. तीन वेगवेगळे संसर्ग होते, एपस्टाईन-बार, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर. यातला रॉस रिव्हर आपल्या चिकनगुनियाचा जवळचा नातलग, तोही डासांतूनच येतो. सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के लोक थकव्यानं तसेच पडून होते, तिन्ही संसर्गांत प्रमाण जवळपास सारखं. कोण मागं राहणार याचा अंदाज मूळ दुखणं किती जोराचं होतं त्यावरून येत होता. आधीच्या मानसिक तक्रारींवरून येत नव्हता. हे २००६ साली छापून आलंय. मनाचं असतं तर हिशेब उलटा लागला असता.

पॅटर्नमेकर

शिरोलीवाले, आपला धंदा एकच. वरून चकाचक दिसणारं कास्टिंग मशीन शॉपला गेल्यावर त्यात ब्लोहोल, म्हणजे आतली हवेची पोकळी, निघतंच की. इन्स्पेक्शनवाला खोटं बोलला नव्हता, त्याच्या डोळ्याला आतलं दिसत नव्हतं. रिजेक्शन आलं की तुम्ही "पार्टी नाटक करतेय" म्हणता का?

शिरोलीवाला

पार्टी पीस परत पाठवते, मी कापून बघतो, ब्लोहोल डोळ्यांनी दिसतं. माणूस कापून बघता येत नाही, म्हणून तर कागद मागतोय! आणि दुसरी गोष्ट कुणी बोलतच नाही. वितळलेला रस ओतताना लॅडलवर एखाद्याला चक्कर आली तर तो एकटा भाजत नाही. "मी आजारी आहे, माझ्यावर विश्वास ठेवा, पण मला कामावर ठेवा" हे दोन्ही एकदम कसं जमवू?

नाव_नको

मी काउंटरवाली ताईंच्या बाजूची, म्हणजे आजारीच, तरी त्यांच्या विरोधात लिहितेय. नाव पाहिजे. साहेबांसाठी नको, घरासाठी पाहिजे. आमच्या वाड्यात एका काकूंना चिकनगुनिया झाला, रिपोर्ट पॉझिटिव्ह. चार घरचे डबे आले, त्यांच्या सुनेनं महिनाभर काडी इकडची तिकडं करू दिली नाही. मला त्याच महिन्यात तसाच ताप, तेच दुखणं, पण रिपोर्ट नाही. आता सासूबाई फोनवर नणंदेला सांगतात, "लोळत असते." भाकरी थापायला बसले की मनगटं धरतात, परातीवर हात टेकून थांबते, तर पीठ वाळतंय म्हणून ओरड. एकदा गंडाही बांधून झालाय. तुमच्या नॉर्मल रिपोर्टांनी मला जेवढं छळलं तेवढं तापानं नाही. एक शब्द पाहिजे, जो तोंडावर सांगता येईल.

त्यासाठी मी आणखी तपासण्या करेन. पैसे गेले तर गेले.

काउंटरवाली

नाव_नको, तुमचं कळतंय. पण त्या शब्दासाठी माणूस कुठं कुठं जातो ते पण बघा. आमच्या ओळखीतल्या एकीला फुल बॉडी पॅकेजात व्हिटॅमिन डी कमी निघालं. घरच्यांना नाव मिळालं, सगळे खूष. इंजेक्शनं झाली, डी भरून आलं, थकवा होता तिथंच. मग घरचे म्हणाले, आता तर औषध पण झालं, आता काय? मिळालेलं नाव उलटं तिच्याच अंगावर आलं.

मेडिकलवाला

औषधाच्या दुकानाच्या बाजूनं एकच. सांधेदुखीला "मागच्या वेळची ती छोटी गोळी द्या" म्हणत येणारे रोज असतात. ती स्टेरॉइड असते. दोन दिवसांत माणूस पळायला लागतो, म्हणून घरचे म्हणतात बरा झाला. मग तोंड सुजतं, शुगर चढते, मनानं बंद केली की आदळतो. चिठ्ठीशिवाय मागू नका. आणि सलाईननं ताकद येत नाही. त्या बाटलीत मीठपाणी किंवा साखरपाणी असतं.

डॉक्टर_मेडिसिन

मेडिकलवाल्यांशी शंभर टक्के सहमत.

नाव_नको, तुम्हाला शब्द देता येतो. "विषाणुसंसर्गानंतरचा थकवा, कारक विषाणू अनिश्चित" असं मी केसपेपरवर लिहितो. हे निदान खोटं नाही आणि पळवाटही नाही, आज जेवढं ठाऊक आहे तेवढंच त्यात आहे. तपासणीत अजून एक गोष्ट सांगतो, तिला पैसे पडत नाहीत. पेशंटला पाच-दहा मिनिटं आडवं झोपवून नाडी आणि बीपी मोजायचं, मग दहा मिनिटं उभं करून दर मिनिटाला मोजायचं, शेजारी माणूस पाहिजे. मोठ्या माणसाची नाडी तीसनं किंवा जास्त वाढून तशीच राहिली आणि बीपी पडलं नाही, तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराचा विचार करावा लागतो. हे आकड्यात दिसतं, सासूबाईंनाही दाखवता येतं. झोपून काढलेल्या ईसीजीत ते येत नाही. उभं राहून नोटा मोजताना आकडा सुटतो म्हणणाऱ्या काउंटरवाली ताईंची ही तपासणी झालीये का? झाली नसेल तर "आता तपासण्या पुरे" म्हणायची घाई नको.

शिरोलीवाले, तुमच्यासाठी वेगळा कागद. आजाराचं नाव बाजूला ठेवून काय जमतं आणि काय नाही एवढंच लिहायचं: सलग उभं काम वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, वजन उचलणं नको, भट्टीजवळ नको, चार आठवड्यांनी फेरतपासणी.

शिरोलीवाला

हा कागद चालेल. "विश्रांतीची गरज आहे" असलं मोघम आणू नका, ते मी फाईलला लावून विसरतो. भट्टीवरनं काढून स्टोअरला किंवा डिस्पॅचच्या टॅगिंगला बसवता येतं, पण माझ्याकडं असल्या जागा दोन. तिसरा आला तर? आणि पगार भट्टीचा देऊ की टॅगिंगचा? तिथं मी उदार होणार नाही, आधीच सांगतो. तीन महिने बघीन, मग पुन्हा बसू.

इचलकरंजीकर

दोन जागा तरी हायत. आमचा शेठ स्वतःच आजारी असून मागावर उभा असतोय.

नाव_नको

डॉक्टर, ते उभं राहून नाडी मोजायचं मी करून बघणार. सोबत कोण थांबणार हाच प्रश्न आहे. नणंद आली की तिलाच घड्याळ धरून बसवते, फोनवर ऐकलंय तेवढं डोळ्यांनीही बघू दे.

काउंटरवाली

माझी ती तपासणी कुणी केली नव्हती. सोमवारी दाखवायला जातेय. एवढ्यानं माझं मत बदललेलं नाही. नाडी नॉर्मल आली तरी मी आजारीच असणार. कागदात मात्र उंच स्टूल मागून घेणार आहे. साहेबांना तोंडी विचारून झालंय, ते म्हणतात ग्राहकांसमोर बसून काम केलेलं बरं दिसत नाही.

वस्ताद_गंगावेस

आयला, साहेब काय दिवसभर उभं असतात व्हय?